आक्काच्या गाडीतला दिव्याचा खटका

गुंजीचा एक जीपवाला होता. स्टेशनवर उतरणारी माणसं आसपासच्या खेड्यांत नेऊन सोडायचा. एकदा मागचे दिवे लागत नाहीत म्हणून तो जीप घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या गॅरेजला आला. तपासताना मी ब्रेकवर पाय ठेवला आणि हॉर्न वाजला. पुन्हा ठेवला, पुन्हा वाजला. मी म्हटलं, "दादा, हे आधी सरळ करतो." तो टपरीवरचा चहा टाकून धावत आला. "हात लावू नगा मिस्त्री! लई कष्टानं जमवलंय त्ये." का, तर रानातल्या रस्त्यावर म्हशी आडव्या येतात. ब्रेक मारायची वेळ आली की हॉर्न मारायचीही वेळ आलेलीच असते, मग दोन्ही कामं एका पायात. मी हसून सोडून दिलं आणि पुढं कित्येक वर्षं हा किस्सा सांगून लोकांना हसवलं. त्या माणसाकडून काही शिकण्यासारखं होतं हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. तोवर निपाणीच्या एका बाईचं मी नुकसान करून बसलो होतो. तीच हकिगत इथं लिहितो.

मी मोटारींचं वायरिंग करणारा माणूस, राहणारा पिरनवाडीचा. घरची शेती धाकटा भाऊ बघतो, मी पोरवयात टेस्टर हातात घेतला तो अजून खाली ठेवलेला नाही. लोक मला मेकॅनिक म्हणतात, पण मेकॅनिकचं काम वेगळं. त्याला तेल गळताना दिसतं, इंजिनाची खडखड ऐकू येते. आमच्या कामात काही दिसत नाही. करंट बॅटरीतून निघतो, बटणातून जातो, दिवा पेटवतो आणि गाडीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडं परत येतो. ह्यातली परतीची वाट लोक विसरतात. दिवा मिणमिणता लागला की बल्ब बदलतात, बॅटरी बदलतात, आणि खोड असते ती एखाद्या गंजलेल्या बोल्टाखाली, जिथं वायर पत्र्याला टेकते तिथं. पॉलिश पेपरनं बोल्ट घासला की दिवा लख्ख. गिऱ्हाईक म्हणतं, "एवढंच होय?" एवढंच, पण तो बोल्ट कुठला हे कळायला माझी तीस-पस्तीस वर्षं गेली आहेत, हे मी त्याला सांगत बसत नाही.

आता नव्या गाड्या येतात त्यांना कॉम्प्युटर लावून फॉल्ट बघतात. ते काम पोरांचं. माझ्याकडं येतात त्या म्हाताऱ्या गाड्या, ज्यांना कॉम्प्युटर लावायला जागाच नाही. बेळगावपासून निपाणीपर्यंत जुन्या गाडीचे दिवे गेले की कुणीतरी माझं नाव सांगतं, आणि ह्या गोष्टीचा मला गर्व होता. होता म्हणतोय ते मुद्दाम.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी निपाणीहून भरतेशचा फोन आला. हा जैन घरातला चाळिशीचा मुलगा, खत-औषधांचं दुकान चालवतो. घरी वडिलांच्या वेळची अँबॅसिडर आहे, डॅशबोर्डमधून जळका वास येतो आणि हेडलाईट दहा मिनिटांत मंद होतात, असं म्हणाला. गाडी बेळगावला आणायचा धीर होत नव्हता, म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन मीच एस.टी.नं गेलो.

गावाच्या कडेला घर. बाजूला तंबाखूची जुनी वखार, आता निम्मी कडब्यानं भरलेली, आणि वखारीच्या शेडमध्ये गाडी. दारात एक उंच, सडसडीत म्हातारी उभी होती. "बर्री, कूड्री," तिनं कानडीत या-बसा केलं. मी नाव सांगितल्यावर मराठीवर आली. आमच्या भागात समोरचा माणूस घरात कुठली भाषा बोलतो ते कळेपर्यंत दोन्ही तयार ठेवतात. ही भरतेशची आई. मुलगा, सून, गडीमाणसं, सगळे तिला आक्काच म्हणतात, म्हणून मीही आक्का म्हणू लागलो.

मला वाटलं होतं गाडी भरतेश चालवतो. तर नाही, त्याची स्वतःची नवी गाडी आहे. अँबॅसिडर आक्का चालवायची. वय चौऱ्याहत्तर. आठवड्यातून दोनदा पाच-सहा किलोमीटरवरच्या शेतावर, एकदा धाकट्या बहिणीच्या गावाला. नवऱ्यानं, म्हणजे आप्पांनी, तिला चाळीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं. आप्पा तंबाखूच्या व्यापारापायी महिन्यातले पंधरा दिवस बाहेर, शेत आक्काच्या अंगावर. "पयल्यांदा गाडी घेऊन निघाले तवा माणसं हातातली कामं टाकून बगायची," ती म्हणाली. "आता कुणी मान बी वळवत न्हाई. त्येच बरं."

आप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. भरतेशचं म्हणणं, आता आक्कानं गाडी सोडावी, लागेल तेव्हा तो सोडायला येईल. आक्काचं म्हणणं निराळं. ती गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून मला म्हणाली, "मिस्त्री, कुणाला येळ हाय का, कुणाला सवड हाय का, आसं इच्यारत माझ्याच शेताला जायाचं मला जमणार न्हाई. तेवडे दिवे तेवडे नीट करून द्या." म्हणजे दिव्यांचं काम माझं, पण त्या दिव्यांवर तिचं हिंडणं-फिरणं लटकलेलं होतं. हे मला पहिल्याच दिवशी नीट सांगितलं गेलं होतं.

डॅशबोर्ड उघडला आणि मी कपाळावर हात मारला. गाडीची मूळची वायर नावालाही नाही. सगळीकडं लाल, पिवळी, निळी वायर, म्हणजे बोअरवेलच्या पंपाची. आमच्याकडं शेतकऱ्याच्या घरात पंपाच्या केबलचे उरलेले तुकडे असतातच. त्यावर कपडे वाळत घालतात, म्हशी बांधतात. आप्पांनी त्यातून गाडीचं वायरिंग केलं होतं, स्वतःच्या हातानं. वायर दणकट, पण जोड नुसते पिळून वर चिकटपट्टी मारलेले. चिकटपट्टी वाळून सुटली होती आणि दिव्याचा खटका आतून करपून कोळसा झाला होता. वास त्याचाच.

करपण्याचं कारणही साधं होतं. हेडलाईटला लागणारा सगळा करंट त्या एवढ्याशा खटक्यातून जात होता. त्याला आम्ही मध्ये रिले बसवतो. मग खटक्यानं फक्त हुकूम द्यायचा, ओझं रिले उचलतो. अडत दुकानात शेठ आवाज देतो आणि पोतं हमाल उचलतो, तसं.

तीन दिवस लागले. मुक्काम तिथंच. त्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही, आणि आक्का तर पाणीसुद्धा घेत नाही. साडेपाचला हाक यायची, "हात धुवा मिस्त्री." भाकरी, दाळ, शेंगाचटणी, दही. कांदा-लसूण नसून त्या दाळीला जी चव होती ती मला घरी सांगता येत नाही, भांडण होईल. पण मी रात्री नऊला जेवणारा माणूस. पहिल्या रात्री भुकेनं तळमळत पडलो आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तर आता चुकीकडं येतो.

ह्या गाडीत डॅशबोर्डच्या मध्यावर चार खटके एका ओळीत आहेत. आपण उजवीकडं बसतो, म्हणजे ते डाव्या हातानं दाबायचे. माझ्याकडं ह्या मॉडेलचा जुना डायग्राम आहे, जपून ठेवलेला, घड्यांवर फाटलेला. त्याप्रमाणं स्टिअरिंगच्या जवळ वायपर आणि पार पलीकडच्या टोकाला दिवे. आप्पांनी नेमकं उलटं केलं होतं. दिवे जवळ, वायपर लांब. मला वाटलं, पंपाची वायर वापरणारा माणूस, घाईत लागेल तिथं लावलं असणार. मी सगळं डायग्रामबरहुकूम केलं. वर लेबलं चिकटवली, स्वच्छ मराठीत, 'वायपर', 'दिवे'. आतल्या वायरी रंगवार बांधल्या. ते वायरिंग फोटो काढून ठेवावं असं झालं होतं, आणि मी काढलाही.

गाडी दाखवली तेव्हा आक्का सीटवर बसली, खटक्यांकडं बघितलं आणि म्हणाली, "दिव्याचं आधीच्याच जाग्याला ऱ्हाऊ दे की."

"आक्का, ते उलटं होतं. आता कंपनीप्रमाणं केलंय."

"उलटं न्हवतं. त्येनी मुद्दाम..."

"दोन दिवसांत सवय होईल बघा तुम्हाला."

ती आणखी काही बोलणार, तेवढ्यात भरतेश म्हणाला, "आक्का, मिस्त्रींना आपल्यापेक्षा जास्त कळतंय." ती गाडीतून उतरली. मी त्या 'मुद्दाम' शब्दापुढचं ऐकून घेतलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं माझा बैल रिकामा राहिला नाही, दुसऱ्याच्या शेतात शिरला.

खंडेनवमीला गाडीची पूजा झाल्याचा फोटो भरतेशनं पाठवला. हेडलाईटला झेंडूचे हार, शेजारी आक्का. मी तो दहा जणांना दाखवला.

दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा फोन आला. आक्का गाडी घेऊन रस्त्याकडेच्या चरीत गेली होती. तिला काही झालं नव्हतं, पण समोरचा एक दिवा फुटला होता, पत्रा चेपला होता. येऊन दिवा बघून जा म्हणाला. मी दुसऱ्याच दिवशी गेलो.

झालं होतं ते असं. शेतावर ऊस तोडायला टोळी आली होती, त्यांच्याशी बोलण्यात आक्काला उशीर झाला. दिवस मावळायच्या आत घरी पोचून जेवायचं म्हणून ती निघाली, पण वाटेतच सूर्य गेला. एका वळणाअलीकडं तिनं दिवे लावायला हात नेला, जवळच्या खटक्यावर. इतकी वर्षं नेत होती तसा. दिवे लागले नाहीत, कोरड्या काचेवर वायपर खरडायला लागले. मग तिला आठवलं की दिवा आता पलीकडच्या टोकाला आहे. ती तिकडं वाकली. वाकली तेवढ्यात वळण आलं आणि वळणावर उसाची ट्रॉली उभी, मागं ना दिवा ना लाल कापड. आक्कानं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी चरीत उतरली. अंधार पडल्यावर घरी पोचली ती उपाशीच झोपली.

मी शेडमध्ये दिवा तपासत असताना ती तिथंच खुर्चीवर बसली होती. नेहमी ताठ बसणारी बाई खांदे पाडून बसली होती. म्हणाली, "तुमी सांगितलं हुतं की मिस्त्री. चिठ्ठी बी लावलीया. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई." आणि कशी वाकले ते दाखवायला तिनं डावा हात लांब केला. तो लांब झालाच नाही. कोपरात अर्ध्यावर अडला.

"हात असाच आहे?" मी विचारलं.

"व्हय, लई वर्सं झाली. वखारीत पोत्यांच्या थप्पीवरनं पडले हुते. हाड वाकडं बसलं. गिअर स्टिअरिंगलाच हाय म्हणून जमतंय."

त्या घरात मी तीन दिवस जेवलो होतो. ती उजव्या हातानं वाढायची. डाव्या हाताकडं मी एकदाही बघितलं नव्हतं. आणि आप्पांनी बघितलं होतं. अंधारात सगळ्यात गरजेचा खटका त्यांनी तिच्या वाकड्या हाताला पुरेल तिथं आणून ठेवला होता आणि वायपर लांब टाकला होता, कारण पावसात गाडी थांबवून वायपर लावता येतो. त्यांचे जोड कच्चे होते, पण खटका अचूक जागी होता. मी जोड पक्के केले आणि खटका हलवला.

हे सगळं मला त्या क्षणी लख्ख कळलं. आणि त्याच क्षणी भरतेश आत आला. त्यानं विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा. वायरिंगमध्ये काही फॉल्ट हुता?"

मी म्हणालो, "नाही. वायरिंगमध्ये एकही फॉल्ट नाही."

शब्दन् शब्द खरा. मीटर लावून कुणीही बघावं. पण त्याला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर हे नव्हतं. तो आईकडं वळून हळूच म्हणाला, "आक्का, मग आता बास करूया का?" कमरेची किल्ली काढून तिनं त्याच्या हातात दिली. मी दिवा बसवला, ताक प्यालो आणि एस.टी. धरली. गप्प का बसलो, तर नाव जाईल म्हणून. दुसरं कारण नाही. अर्ध्या वाक्याचं काम होतं, 'खटका मी हलवला', आणि ते माझ्या तोंडून निघालं नाही.

पिरनवाडीला येऊन कामाला लागलो. मनाला सांगत होतो, चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, आज ना उद्या गाडी सोडणारच होती. मन अशा वेळी फार लवकर ऐकतं. पण त्याच सुमारास गॅरेजच्या भिंतींना चुना मारला. चुना मारणाऱ्यानं माझी पकड टांगायचा खिळा उपटला आणि वीतभर बाजूला ठोकला. वीतभर फक्त. पुढचे आठ-दहा दिवस माझा हात जुन्या जागी कोऱ्या भिंतीवर आपटत होता. खिळा कुठं आहे हे मला पाठ होतं, डोळ्यांसमोर होता, तरी हात जुन्याच जागी जायचा. आणि मी एका बाईला सांगून आलो होतो, दोन दिवसांत सवय होईल. दर वेळी भिंतीला बोटं लागली की आक्काचे ते पडलेले खांदे आठवायचे. शेवटी खिळा परत जुन्या जागी ठोकला. माझा खिळा मी दहा दिवसांत परत आणला. आक्काचा खटका मात्र तिथंच होता.

संक्रांत झाल्यावर एका शुक्रवारी कोल्हापूरहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. लग्नाच्या वरातींना जुन्या गाड्या भाड्यानं देण्याचा त्याचा धंदा. "निपाणीची अँबॅसिडर घेतोय. वायरिंग तुम्हीच केलंय म्हणे. बरी आहे का?"

"कधी नेताय?" मी विचारलं.

"रविवारी. म्हातारीला आता जमेना झालंय म्हणं, म्हणून काढायलेत."

शनिवारी सकाळी दहाची गाडी धरून मी निपाणीला गेलो. पिशवी बरोबर होती. वाटेत संकेश्वरपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो आणि त्यातलं एकही पुढं उपयोगी पडलं नाही.

आक्का पडवीत शेंगा फोडत बसली होती. भरतेश दुपारच्या जेवणाला घरी आला होता. मी टेकलो नाही, उभ्या उभ्याच म्हणालो, "आक्का, त्या दिवशी चूक तुमची नव्हती. दिव्याचा खटका आप्पांनी तुमच्या हातासाठी जवळ लावला होता. तो मी हलवला. तुम्ही ठेवा म्हणत होता तरी हलवला."

भरतेश म्हणाला, "पण मी विचारलं तेव्हा तुम्ही फॉल्ट नाही म्हणालात."

"वायरीत नव्हता. जागा चुकीची होती, आणि ते मला तेव्हा कळलं होतं."

"कवा कळलं हुतं?" आक्कानं विचारलं. तिच्या हातातली शेंग तशीच होती.

"तुम्ही हात लांब करून दाखवला तेव्हाच."

मला वाटलं होतं ती हसेल, असू दे म्हणेल. मोठ्या मनाची माणसं तसं म्हणतात असं आपण धरून चालतो. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि उठली. तोवर मला कायम 'तुमी' म्हणणारी बाई.

"दोन म्हैने रं! दोन म्हैने मी रोज सकाळी नातवंडांची नावं मनातल्या मनात म्हणून बगत हुते, इसरले तर न्हाई न्हवं. गॅस बंद केलाय का त्ये तीन-तीनदा उठून बगायचे. बहिणीनं बोलावलं तर गेले न्हाई, वाटंत कुठं जायचं त्येच इसरले तर काय करू म्हणून. माझं डोस्कं चाललंय आसं वाटलं मला. आनि तुला म्हायत हुतं?"

"हो."

"म्हायत हुतं आनि ताक पिऊन गेलास?"

आयुष्यात गिऱ्हाइकांच्या शिव्या पुष्कळ खाल्ल्या, त्यातल्या निम्म्या दुसऱ्याच्या चुकीसाठी. ही एक पूर्ण माझी होती. भरतेशचा चेहरा माझ्यापेक्षा उतरला होता. त्यालाही ते नावं म्हणून बघण्याचं आताच कळलं होतं. "आक्का, मला सांगायचंस की," तो म्हणाला. ती म्हणाली, "तुला काय सांगू? तूच किल्ली घेतलीस की."

मग आक्का मला म्हणाली, "पिशवी आणलीयास न्हवं? मग हुबा का?"

अर्ध्या तासाचं काम. दोन खटके काढले, जागा बदलल्या, वायरी लांब होत्या त्या आखूड केल्या, रिले तसाच ठेवला. आक्का सीटवर बसूनच होती, माझ्या हाताकडं बघत. लेबलांची अदलाबदल करायला मी ती नखानं सोडवली आणि नव्या जागी चिकटवायला गेलो.

"चिठ्ठ्या नगंत," ती म्हणाली. "मला वाचाय येतंय. हाताला येत न्हाई."

मी दोन्ही चुरगाळून खिशात टाकली.

भरतेश तरीही घुटमळत होता, आणि त्याचं चुकत नव्हतं. ट्रॉली चार हात अलीकडं असती तर काय झालं असतं हे त्यानं दोन महिने मनात घोळवलं होतं. मी म्हटलं, "दिवस मावळताना त्याच रस्त्यानं जाऊन येऊ. मी शेजारी बसतो, तुम्ही मागं बसा. मग ठरवा." त्यानं किल्ली आणून दिली. साडेपाचला सुनेनं जेवायला हाक मारली. आक्का म्हणाली, "आलो की बगू," आणि गाडी बाहेर काढली. आलो की म्हणजे उशीर होणार, आणि उशीर झाला की ती जेवणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दोन महिने गाडी बसून होती, पण आक्का बसून असल्यासारखी वाटली नाही. गिअर जुन्या माणसाच्या संथपणानं पडत होते. उसाच्या फडांमधून रस्ता जातो, तिथं अंधार जरा लवकरच होतो. ते वळण जवळ आलं तसा मी डॅशबोर्डकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिलो. आक्काची नजर रस्त्यावर होती. तिचा वाकडा हात स्टिअरिंगवरून उठला, कोपरात जिथवर उघडतो तिथवरच उघडला आणि खटक्यावर जाऊन टेकला. टक. समोरचा रस्ता उजळला. हात परत स्टिअरिंगवर आला. तिनं जे केलं ते तिला कळलंसुद्धा नसावं. ती ट्रॉलीवाल्यांना नावं ठेवत होती.

मागच्या सीटवर भरतेशनं फोन लावला. "उद्या येऊ नका," तो कोल्हापूरच्या माणसाला म्हणाला. "न्हाई, दुसरं गिऱ्हाईक न्हाई मिळालं. आमच्या आक्काला लागतीया गाडी." आक्कानं आरशातून मागं बघितलं आणि पुन्हा पुढं.

घरी पोचलो तेव्हा सूर्य पार गेला होता. आक्कानं किल्ली कमरेला खोचली, हात-पाय धुतले आणि देवापुढं बसली. सून माझं ताट वाढायला लागली. मी पाहुणा, जैन नाही, मला कसली बंदी नव्हती, आणि सकाळपासून पोटात एक चहा. मी म्हटलं, "राहू दे वहिनी, आक्का जेवतील तेव्हा जेवतो."

"त्या आता सकाळीच," सून म्हणाली.

आतून आक्काचा आवाज आला. "ऱ्हाऊ दे गं. ऱ्हातोय तर ऱ्हाऊ दे त्येला उपाशी."

मी राहिलो.